जीपीए म्हणजे काय? गुणपत्रिका दोन्ही बाजूंनी वाचू या



दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचा मला फोन आला. मुलगी पेडणे तालुक्यातली. शाळेत असताना रोज सकाळची पहिली बस पकडून म्हापशाला यायची. आता ती पदवीचे पहिले वर्ष पूर्ण करून दुसऱ्या वर्षात गेली होती.

"सर, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरते आहे. त्यात टक्के विचारले आहेत. माझ्या गुणपत्रिकेवर टक्केच नाहीत, नुसते ७.९५ लिहिले आहे. काय लिहू?"

मी वर्गावर जायच्या घाईत होतो. "साडेनऊने गुण," असे सांगून मी फोन ठेवला. तिने गुणाकार केला, ७५.५३ टक्के असे लिहिले आणि अर्ज पाठवला. शिष्यवृत्ती गुणानुक्रमे होती. तिचे नाव यादीत आले नाही. पण तिच्याच वर्गातल्या, ७.८० मिळवलेल्या मैत्रिणीचे नाव आले. त्या मैत्रिणीने ७८ टक्के लिहिले होते, आणि तिचेच बरोबर होते. त्यांच्या गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापले होते की टक्के काढण्यासाठी सीजीपीएला दहाने गुणावे. म्हणजे आमच्या मुलीचे टक्के ७९.५ होते. चार टक्के तिने स्वतःच्या हाताने कमी लिहिले, आणि ते माझ्या सांगण्यावरून.

चूक तिची नव्हती आणि शिष्यवृत्ती देणाऱ्यांचीही नव्हती. चूक माझी होती. साडेनऊचा आकडा मी का सांगितला, तो कुठून आला आणि तिच्या बाबतीत तो का लागू नव्हता, हे सगळे नीट समजून घेण्यासाठी हा पाठ लिहीत आहे. आपल्या शाळेतून दरवर्षी मुले बाहेर पडतात आणि टक्क्यांच्या जगातून एकदम ग्रेड, क्रेडिट आणि जीपीएच्या जगात जातात. तेथे गोंधळ होऊ नये एवढाच हेतू आहे.

मापे बदलत आली आहेत

गोमंतकात अभ्यास मोजण्याचे माप पहिल्यांदाच बदलते आहे असे नाही. पोर्तुगीज अमदानीत पणजीच्या लिसेवमध्ये शिकलेल्या आजोबांची कागदपत्रे कोणाच्या घरी असतील तर जरूर पाहा. त्यात शंभरापैकी गुण दिसणार नाहीत. पोर्तुगीज पद्धतीत वीसपैकी गुण देतात, त्यांना 'वालोर' म्हणतात, आणि दहा मिळाले की विद्यार्थी पास. वीसपैकी चौदा मिळवणारा मुलगा तेव्हा चांगला हुशार समजला जाई. आज कोणी ते चौदा पाहून "फक्त चौदा?" असे म्हणाला, तर आजोबांवर केवढा अन्याय होईल!

मुक्तीनंतर आपल्याकडची मुले पुण्याच्या बोर्डाच्या शालान्त परीक्षेला बसू लागली. १९७५ साली गोवा बोर्ड स्थापन झाले. महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, १९८५ साली गोवा विद्यापीठ सुरू झाले. या सगळ्या काळात माप होते टक्क्यांचे आणि वर्गाचे: पास क्लास, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, डिस्टिंक्शन. आमच्या पिढीच्या हाडीमाशी हेच माप खिळले आहे.

पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली देशभरातल्या विद्यापीठांसाठी क्रेडिट आणि ग्रेड यांची मार्गदर्शक तत्त्वे दिली. गोवा विद्यापीठाने २०१७-१८ पासून पदवीच्या अभ्यासक्रमांना ही पद्धत लावली. त्यामुळे बारावीनंतर आपला मुलगा किंवा मुलगी म्हापशाच्या, आसगावच्या, साखळीच्या, डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या महाविद्यालयात गेली, तरी जीपीएची गाठ पडतेच.

पहिली पायरी: गुणांवरून ग्रेड

ग्रेडला आपण मराठीत 'श्रेणी' म्हणतो. आता एक गंमत पाहा. शिडीला संस्कृतात 'निःश्रेणी' असा शब्द आहे. त्यावरूनच आपली 'निसण' आली. पावसाळ्यापूर्वी कौले परतायला आपण घराला लावतो, तीच निसण. इंग्रजी ग्रेड हा शब्दही पायरी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे. म्हणून ग्रेड म्हटले की डोळ्यांपुढे निसण आणावी.

निसणीवर माणूस एक तर या पायरीवर उभा असतो, नाही तर त्या पायरीवर. दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे राहता येत नाही. गुणांचे तसे नसते. गुण म्हणजे घाटाचा चढ, त्यावर कोठेही थांबता येते. ग्रेड देताना त्या चढाच्या पायऱ्या केल्या जातात.

आयोगाच्या २०१४ च्या तत्त्वांत पायऱ्या अशा आहेत. प्रत्येक पायरीला एक आकडा आहे, त्याला श्रेणीगुण म्हणू:

ओ – १०
ए प्लस – ९
ए – ८
बी प्लस – ७
बी – ६
सी – ५
पी, म्हणजे फक्त उत्तीर्ण – ४
एफ, म्हणजे अनुत्तीर्ण – ०
गैरहजर – ०

किती टक्क्यांना कोणती पायरी, हे मात्र प्रत्येक विद्यापीठ आपल्या नियमात ठरवते. एका ठिकाणी ८५ ला ओ मिळेल, दुसरीकडे ९० लागतील. आयआयटीसारख्या काही संस्थांत तर वर्गातल्या इतर मुलांच्या तुलनेत ग्रेड ठरते. तेथे पेपर फार अवघड असला तर साठ-बासष्ट गुणांनाही दहाची पायरी मिळू शकते. म्हणून "ए प्लस मिळाला" एवढ्यावरून काही बोलू नये. कोणत्या निसणीवरचा ए प्लस, हे आधी विचारावे.

दुसरी पायरी: क्रेडिट म्हणजे वजन

क्रेडिट, म्हणजे श्रेयांक. एका सत्रात आठवड्याला एक तास व्याख्यान असले की त्याचे एक क्रेडिट धरतात. प्रात्यक्षिकाला मात्र आठवड्याला दोन तास दिले की एक क्रेडिट. चार क्रेडिटच्या विषयात दोन क्रेडिटच्या विषयापेक्षा दुप्पट काम असते, म्हणून त्याचे वजनही दुप्पट.

आता सरासरी काढताना हे वजन लक्षात घ्यावे लागते. ही गोष्ट मला त्या मुलीच्या वडिलांनीच उत्तम समजावून दिली. ते हरमलची मिरची म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणून विकतात. शिष्यवृत्ती गेल्यावर ते मुलीबरोबर मला भेटायला आले. रागावले नव्हते. त्यांचा प्रश्न साधा होता: "सर, हे सात पूर्णांक पंच्याण्णव म्हणजे नेमके काय? पोर शिकली किती, ते मला कळायला हवे ना?"

मी त्यांना विचारले, "समजा, दोन किलो चांगली मिरची तुम्ही ८०० रुपये किलोने विकली आणि आठ किलो साधी मिरची ५०० रुपयांनी विकली. तर सरासरी भाव काय पडला? ८०० आणि ५०० यांच्या मधला, ६५०?"

ते हसले. "असे कसे? दोन किलोचे सोळाशे आणि आठ किलोचे चार हजार. पाच हजार सहाशे झाले दहा किलोचे. भाव पडला ५६०. भाव किलोने धरायचा सर, ढिगाने नाही."

जीपीएचे सगळे गणित या एका वाक्यात आहे. विषय म्हणजे ढीग, क्रेडिट म्हणजे किलो आणि श्रेणीगुण म्हणजे भाव. सरासरी किलोने धरायची.

तिसरी पायरी: सत्राचा जीपीए

आता त्याच मुलीची पहिल्या सत्राची गुणपत्रिका पाहू. तिच्या परवानगीने आकडे देत आहे. क्रम असा: विषय, क्रेडिट, ग्रेड, श्रेणीगुण, आणि क्रेडिट व श्रेणीगुण यांचा गुणाकार.

मुख्य विषय: ४ क्रेडिट, ए, ४ × ८ = ३२
गौण विषय: ४ क्रेडिट, बी प्लस, ४ × ७ = २८
दुसऱ्या शाखेचा विषय: ३ क्रेडिट, ए प्लस, ३ × ९ = २७
कौशल्य विषय: ३ क्रेडिट, ए, ३ × ८ = २४
भाषा: २ क्रेडिट, ओ, २ × १० = २०
मूल्यवर्धन विषय पहिला: २ क्रेडिट, ए प्लस, २ × ९ = १८
मूल्यवर्धन विषय दुसरा: २ क्रेडिट, ओ, २ × १० = २०

क्रेडिटची बेरीज २०. गुणाकारांची बेरीज १६९.
सत्राचा जीपीए = १६९ ÷ २० = ८.४५

यालाच एसजीपीए म्हणतात. श्रेणीगुणांची नुसती बेरीज करून सातने भागले असते, तर ६१ ÷ ७ म्हणजे ८.७१ आले असते. ते चूक. कारण तिला दहा-दहा श्रेणीगुण मिळाले ते दोन क्रेडिटच्या हलक्या विषयांत, आणि जड विषयांत ती सात-आठच्या पायरीवर होती. ढिगाने भाव धरला की असे फसायला होते.

या कोष्टकाचा खरा उपयोग पुढे आहे. विद्यार्थी मित्रांनो, हातात पेन्सिल घ्या आणि 'असे झाले असते तर' हा खेळ खेळा.

गौण विषयात बी प्लसऐवजी ए प्लस मिळाला असता तर? दोन पायऱ्या वाढल्या, गुणिले चार क्रेडिट, म्हणजे ८ ची भर. १७७ ÷ २० = ८.८५.

मूल्यवर्धनाच्या पहिल्या विषयात ए प्लसऐवजी ओ मिळाला असता तर? एक पायरी गुणिले दोन क्रेडिट, म्हणजे २ ची भर. १७१ ÷ २० = ८.५५.

आणि मुख्य विषयात एफ आला असता तर? पूर्ण ३२ गेले. १३७ ÷ २० = ६.८५. एका विषयाने दीडाहून अधिक अंक खाल्ला. पास होण्याची पायरी चारवर आहे आणि तिच्या खाली एकदम शून्य आहे. मध्ये एकही पायरी नाही. म्हणून जो विषय डळमळीत आहे त्यात आधी पास होणे, हे आवडत्या विषयात ए चा ए प्लस करण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

चौथी पायरी: सगळ्या सत्रांचा सीजीपीए

एका सत्राचा एसजीपीए आणि आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांचा मिळून सीजीपीए. येथेही नियम तोच, किलोने धरायचे. तिच्या दुसऱ्या सत्रात २२ क्रेडिट होते आणि एसजीपीए ७.५० आला. म्हणजे २२ × ७.५० = १६५.

सीजीपीए = (१६९ + १६५) ÷ (२० + २२) = ३३४ ÷ ४२ = ७.९५

हेच ते ७.९५. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते: पोर दर क्रेडिटमागे सरासरी ए च्या पायरीला जवळजवळ टेकली आहे. पहिल्या सत्रात ती पायरी ओलांडून वर गेली होती, दुसऱ्या सत्रात थोडी खाली आली. ती दुसऱ्या सत्रात का खाली आली, हे आकडा सांगत नाही. ते तिला विचारावे लागते. विचारल्यावर कळले की कॉलेजच्या वेळेला बस नसल्यामुळे सकाळचे प्रात्यक्षिक वारंवार चुकत होते.

सीजीपीएबद्दल आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जितकी सत्रे मागे पडतात, तितका तो जड होतो आणि हलेनासा होतो. एक उदाहरण घेऊ. समजा सहा सत्रांची पदवी आहे, प्रत्येक सत्राला २० क्रेडिट. चार सत्रांनंतर एका मुलाचा सीजीपीए ६.५० आहे. म्हणजे ८० × ६.५० = ५२० जमा झाले. उरली दोन सत्रे, ४० क्रेडिट.

शेवटी ७.०० हवे असेल तर एकूण १२० × ७ = ८४० लागतील. उरलेल्या ४० क्रेडिटमध्ये ३२० मिळवायचे, म्हणजे सरासरी ८. कठीण, पण होण्यासारखे.

७.५० हवे असेल तर ९०० लागतील. ४० क्रेडिटमध्ये ३८०, म्हणजे सरासरी ९.५. जवळजवळ प्रत्येक पेपरात सर्वांत वरची पायरी.

८.०० हवे असेल तर ९६० लागतील. ४० क्रेडिटमध्ये ४४०, म्हणजे सरासरी ११. आणि निसणीला पायऱ्या दहाच!

"पहिले वर्ष मजेत घालवू, शेवटच्या वर्षी भरून काढू" असे म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाने हे गणित एकदा स्वतः करून पाहावे. टक्क्यांच्या जुन्या पद्धतीत काही ठिकाणी शेवटच्या वर्षाचे गुणच वर्ग ठरवत असत, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही तसेच वाटत राहते. सीजीपीएत पहिल्या सत्राचे एक क्रेडिट आणि शेवटच्या सत्राचे एक क्रेडिट यांचे वजन सारखेच असते.

साडेनऊची गोष्ट

आता माझ्या चुकीकडे येतो. हा साडेनऊ कुठला?

सीबीएसईने २००९ साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. २०१० पासून २०१७ पर्यंत त्यांच्या दहावीच्या निकालात गुणांऐवजी ग्रेड आणि सीजीपीए असे. आपल्याकडे केंद्रीय विद्यालयात आणि नवोदय विद्यालयात शिकलेल्या मुलांना हे ठाऊक आहे. तेथे ९१ ते १०० ला श्रेणीगुण १०, ८१ ते ९० ला ९, ७१ ते ८० ला ८, अशा उतरत्या पायऱ्या होत्या आणि पाच मुख्य विषयांची साधी सरासरी काढत. क्रेडिट नव्हते, सगळे विषय समान वजनाचे.

मग पालक विचारू लागले की टक्के किती? तेव्हा बोर्डाने मागच्या पाच वर्षांत ९१ ते १०० च्या गटात आलेल्या मुलांच्या गुणांची सरासरी पाहिली. ती ९५ च्या आसपास होती. दहा श्रेणीगुणांना ९५ टक्के, म्हणून एका श्रेणीगुणाला साडेनऊ. हा अंदाज होता आणि तो त्या बोर्डाच्या त्या परीक्षेपुरता होता. २०१८ पासून सीबीएसईच्या दहावीला पुन्हा गुण आले. परीक्षा गेली, पण साडेनऊ मात्र लोकांच्या तोंडात राहिला. झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरून देणारा सांगतो, शेजारचा दादा सांगतो, आणि घाईत असलेला गणिताचा मास्तरही सांगतो!

पायऱ्यांच्या पद्धतीत काय हरवते, तेही याच कोष्टकावर पाहण्यासारखे आहे. दोन मुली घ्या. पहिलीला पाचही विषयांत ९१. दुसरीला चार विषयांत १०० आणि एकात ९०. पहिलीचे एकूण गुण ४५५, दुसरीचे ४९०. आता सीजीपीए काढा. पहिलीला पाच वेळा १०, म्हणून सीजीपीए १०. दुसरीला चार वेळा १० आणि एकदा ९, म्हणून ९.८. पस्तीस गुण जास्त मिळवणारी मुलगी मागे पडली!

मग ही पद्धत वाईटच का? तसेही नाही. ९० आणि ९१ यांत फरक केला हे जसे खटकते, तसेच ९१ आणि ९४ यांत फरक केला नाही, हे बरेही आहे. दोन-तीन गुणांचा फरक परीक्षकाच्या हातात, पेपराच्या कठीणपणात किंवा त्या दिवशीच्या तापातही असू शकतो. एक गुण कमी पडला म्हणून घरी दोन दिवस न जेवणारी मुले मी पाहिली आहेत. पायऱ्यांनी ती लहानसहान तफावत पुसली. त्याबदल्यात पायरीच्या कडेवर उभ्या असलेल्या मुलाचे कधी नुकसान होते, तर कधी फायदा. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून आकड्याकडे पाहावे.

एक आकडा, तीन उत्तरे

आता ७.९५ चे टक्के तीन रीतींनी काढू.

दहाने गुणले तर ७९.५.
सीबीएसईच्या जुन्या साडेनऊने गुणले तर ७५.५३.
अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१० च्या कोष्टकात ६.२५ ला ५५ टक्के, ६.७५ ला ६०, ७.२५ ला ६५, ७.७५ ला ७० आणि ८.२५ ला ७५ धरले आहेत. म्हणजे आकड्यातून ०.७५ वजा करून दहाने गुणायचे. त्या रीतीने ७२.

मुलगी तीच, अभ्यास तोच, पेपर तेच. टक्के मात्र ७२ पासून ७९.५ पर्यंत. शिष्यवृत्तीची अट ७५ टक्क्यांची असेल तर एका सूत्राने ती आत, दुसऱ्याने कशीबशी आत आणि तिसऱ्याने बाहेर. म्हणून आपल्याला जे सूत्र ठाऊक आहे ते वापरायचे नसते, आणि ज्याने जास्त टक्के येतात ते तर मुळीच नाही. ज्या विद्यापीठाने ग्रेड दिली, त्याच विद्यापीठाचे सूत्र चालते. ते बहुधा गुणपत्रिकेच्या मागे छापलेले असते. तेथे नसेल तर परीक्षा विभागाकडून लेखी पत्र घ्यावे.

परदेशी जाणाऱ्यांनी आणखी जपावे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी चारची निसण आहे: ए ला ४, बी ला ३. तेथे ३.६ म्हणजे उत्तम. पोर्तुगालमध्ये आजही वीसची आहे. जर्मनीत तर निसण उलटी: १ म्हणजे सर्वोत्तम, आणि आकडा वाढत जाईल तसा निकाल खालावतो. म्हणून कोणत्याही अर्जात नुसते ७.९५ लिहू नये. '१० पैकी ७.९५' असे लिहावे.

पालकांसाठी चार सूचना

१. मुलाचा निकाल लागला की आधी आकडा न विचारता पूर्ण गुणपत्रिका मागा. प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि ग्रेड पाहा. चार क्रेडिटच्या विषयात तो कोठे आहे, हे सर्वांत आधी बघा.

२. शेजारच्या मुलाच्या सीजीपीएशी तुलना करण्यापूर्वी दोघांचे विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि पायऱ्या सारख्या आहेत का, ते विचारा. बहुतेक वेळा नसतात.

३. सीजीपीए ६.८ म्हणजे '६८ टक्केच' असे घरी जाहीर करू नका. काही विद्यापीठांत तसे असेल, काहींत नसेल.

४. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका जपून ठेवा. २०२१ पासून क्रेडिट बँकेची सोय झाली आहे, विद्यार्थ्याचे क्रेडिट तेथे जमा राहतात. त्याचे खाते मुलाने उघडले आहे का, याची चौकशी करा. कागद मात्र तरीही ठेवा. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शालेय वर्गांचाही विचार आहे: शिकण्याच्या ३० तासांना एक क्रेडिट, वर्षाला १२०० तासांचे ४० क्रेडिट. म्हणजे आज पाचवी-सहावीत असलेल्या मुलांनाही हा शब्द लवकरच ओळखीचा होईल.

विश्वस्त मंडळाला एक विनंती

आपल्याकडे अनेक देवस्थाने, ज्ञातिसंस्था, ग्रंथालये आणि शाळा माजी विद्यार्थ्यांना पारितोषिके व शिष्यवृत्त्या देतात. त्यांचे अर्ज बहुधा टक्क्यांच्या काळात तयार झालेले आहेत. आपल्याही अर्जात 'मिळालेले टक्के' अशी एकच ओळ आहे. त्याखाली आणखी दोन ओळी वाढवाव्यात: 'सीजीपीए, कितीपैकी' आणि 'विद्यापीठाचे सूत्र'. सोबत गुणपत्रिकेच्या दोन्ही बाजूंची प्रत मागवावी. छपाईचा खर्च काहीच वाढणार नाही, आणि एखादी मुलगी अर्जातल्या एका रिकाम्या चौकटीमुळे मागे राहणार नाही.

ती मुलगी? त्या वर्षीची मुदत गेली ती गेलीच. वडिलांनी दुसऱ्या सत्राचे शुल्क कसे भरले, ते मी विचारले नाही. पुढच्या वर्षी तिने नियमाप्रमाणे टक्के काढून पुन्हा अर्ज केला आणि या वेळी तिचे नाव यादीत आले. तिसऱ्या सत्रात ८.६ मिळाल्याचे तिने मला मुद्दाम येऊन सांगितले. म्हणाली, "सर, आता मी प्रात्यक्षिकाच्या दिवशी मावशीकडे म्हापशालाच राहते."

स्वाध्याय

१. एका विद्यार्थ्याला ४ क्रेडिटच्या विषयात बी, ३ क्रेडिटच्या विषयात ए आणि १ क्रेडिटच्या विषयात ओ मिळाला. त्याचा एसजीपीए काढा. श्रेणीगुणांच्या साध्या सरासरीपेक्षा तो कमी का आला, ते एका वाक्यात लिहा.

२. तीन सत्रांनंतर, म्हणजे ६० क्रेडिटनंतर, एका मुलीचा सीजीपीए ७.२० आहे. चौथे सत्र २० क्रेडिटचे आहे. सीजीपीए ७.५० होण्यासाठी तिला चौथ्या सत्रात किती एसजीपीए हवा?

३. सीबीएसईच्या जुन्या पद्धतीने ९५, ८२, ७९, ९१ आणि ६८ या गुणांचा सीजीपीए काढा. साडेनऊने गुणून येणारे टक्के आणि खरे टक्के यांची तुलना करा.

उत्तरे: १) ५८ ÷ ८ = ७.२५. साधी सरासरी ८ येते, पण सर्वांत जड विषयात श्रेणीगुण कमी आहेत. २) ६०० − ४३२ = १६८, भागिले २० = ८.४०. ३) ४४ ÷ ५ = ८.८. साडेनऊने ८३.६ टक्के, खरे टक्के ८३.

कोणाला आपल्या गुणपत्रिकेबद्दल शंका असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर मला जरूर भेटावे. माजी विद्यार्थ्यांनीही यावे. येताना गुणपत्रिकेची झेरॉक्स आणावी, आणि ती दोन्ही बाजूंची असावी.